रुख्मामायच्या जुड्या

२६ फेब्रुवारी १९७९, सोमवार

बायकांचा वर्ग आज सुरू झाला एकदाचा. दुपारी दोन ते चार, शाळेच्याच खोलीत. पाटी-पेन्सिल सरकारची, फळा शाळेचा आणि डोकेफोड माझी. रोज सिंदीहून एसटीनं यायचं, सकाळची शाळा करायची, मग हे. मुख्याध्यापक म्हणाले, "सुलोचनाबाई, तुमचं गणित चांगलं म्हणून तुमचं नाव दिलं." चांगलं आहेच! एकोणीस वर्षं चौथीला गणित शिकवतेय, उगीच नाही.

सात जणी आल्या. सगळ्यांत पुढे रुख्माबाई, गावची दाई, पंचावन्नच्या घरातली. सगळं गाव तिला रुख्मामाय म्हणतं. माझ्या वर्गातली झाडून सगळी पोरं तिच्याच हातची. आरोग्य केंद्राचे डॉक्टर गावातून एक आरोग्यसेविका नेमणार आहेत. गावात किती आजारी, कुणाला किती ताप, किती गोळ्या लागतील, एवढं चिठ्ठीवर लिहून कळवता आलं पाहिजे. दोन एप्रिलला परीक्षा. दुसरी उमेदवार सरपंच रूपरावांची सून नलू. ती आठवी पास आहे, पण रक्त दिसलं की तिला घेरी येते म्हणतात.

मी विचारलं, "रुख्मामाय, या वयात हे झेंगट कशाला?"

"माह्या बाया मी दुसऱ्याच्या हाती देत नाई, बाई," एवढंच बोलली आणि पाटी पुसायला लागली.

तिच्या शेजारी कवडूची बायको कमला बसते. दुसरीपर्यंत शिकलेली, पंचविशीतली, आणि दर दोन मिनिटांनी खी खी. आज तिला दोनदा दटावलं. तिसऱ्यांदा मलाच हसू आलं.

१ मार्च, गुरुवार

आज एकक-दशक घेतलं. सगळ्यांना खराट्याच्या काड्या आणायला लावल्या होत्या. "सुट्या काड्या उजव्या हाताला, बांधलेल्या जुड्या डाव्या हाताला. आधी जुड्या किती ते लिहा, शेजारी सुट्या किती ते लिहा. सुट्यांच्या घराला एकक म्हणायचं, जुड्यांच्या घराला दशक." झालं. यापेक्षा सोपं करून कुणी सांगून दाखवावं!

रुख्मामायला एक ते दहा आकडे चारच दिवसांत आले. हात कसा ठाम! घरून जुड्या बांधून आणा म्हटलंय.

२ मार्च, शुक्रवार

जुड्या आल्या. बाकीच्यांच्या बोटाएवढ्या, रुख्मामायच्या मुठीएवढ्या! मी म्हटलं, "हात सढळ आहे हो तुमचा."

"मोजून बांधल्या हाये बाई. मोजून घ्या."

कुणाला वेळ आहे? साडेचारची एसटी गेली की रात्रीपर्यंत फाट्यावर बसा.

६ मार्च, मंगळवार

डोकं फिरलं आज. दहा संख्या सांगितल्या, रुख्मामायच्या आठ चुकल्या. आणि चुका तरी कशा? पंच्याऐंशी सांगितले, तर ४५ लिहिले. साठ सांगितले, तर ३०. पस्तीसचे तर ११५! अगं माय, पस्तीसचे एकशेपंधरा! एवढा थाट की जणू तीच मला शिकवतेय. लिहिताना थांबत नाही, अडत नाही, झरझर लिहून पाटी पुढे करते. पाटीवर मोठा भोपळा काढून दिला.

वर आणखी कॉपी. मी "पंच्याऐंशी" म्हटलं की ती कमलाकडे झुकून विचारते, "म्हंजे किती व?" आणि कमला तिच्या कानात, "चार विसा न पाच." मी दोघींना उठवून दोन टोकांना बसवलं. बायका झाल्या म्हणून काय झालं, वर्ग म्हणजे वर्ग.

९ मार्च, शुक्रवार

रुख्मामाय आज वाद घालायला लागली. "बाई, दहाले येकावर पूज्य. मंग विसालेबी येकावर पूज्यच येते. दोघं सारखे कसे होतीन?"

"वीसला दोनावर पूज्य, रुख्मामाय."

"दोन जुड्या कुठून आल्या पन?"

"असतंच ते तसं. पाठ करा."

ती जुडी उलटसुलट करून पाहायला लागली. मला राग आला. चौथीतली पोरं असले प्रश्न विचारत नाहीत, मुकाट्यानं हातचा घेतात आणि शंभरपैकी नव्वद मिळवतात.

१६ मार्च, शुक्रवार

होळी झाली, दोन दिवस वर्ग नव्हता. मी आता रुख्मामायच्या मागे लागणं सोडलंय. मोठ्या संख्या तिला जमणार नाहीत. अक्षर मात्र छापल्यासारखं झालंय. परीक्षेला डॉक्टर सोप्याच संख्या विचारोत म्हणजे मिळवलं.

२१ मार्च, बुधवार

गावात हगवण-ओकारीची साथ आली. खालच्या विहिरीचं पाणी तळाला गेलंय, त्यातूनच असणार. मी चौथीची चाचणी घेत होते तेवढ्यात रुख्मामाय धापा टाकत दारात आली. काल संध्याकाळपासून घरोघर फिरतेय, डोळे खोल गेलेले. हातात चिठ्ठी.

"बाई, आरोग्य केंद्राले पाठवतो. येक डाव पाहून द्या, बरोबर हाय का?"

तिनं स्वतः लिहिलेली पहिली चिठ्ठी! "डॉक्टर साहेब, गावात हगवन वकारी झाली, येवढे मानसं आजारी," आणि पुढे आकडा, ठसठशीत. मी हगवणचा ण सुधारला, ओकारीचा ओ केला आणि म्हटलं, "शाबास! एकदम बरोबर." तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मला भरून आलं. अकराच्या एसटीनं चिठ्ठी गेली. पोरं तेवढ्यात एकमेकांची बघून लिहीत होती, त्यांना दोन दोन ठेवून दिल्या.

२२ मार्च, गुरुवार

कमला गेली.

सकाळी फाट्यावर उतरले तर रस्त्यावर चिटपाखरू नाही. कवडूच्या दारात बायका. मला वाटलं, त्याची म्हातारी असेल. आत पाहिलं तर कमला. मी तिथेच उंबऱ्यावर बसले. मंगळवारपर्यंत वर्गात खी खी करत होती हो ती!

जे कळलं ते असं. काल मी गेल्यावर पाचला डॉक्टर जीपनं आले. औषध आणि सलाईन पंचवीस माणसांपुरतं. आजारी होते पंचेचाळीस. जीप त्यांना सोडून पुढच्या गावाला गेली होती, ती परत येणार सकाळी. दिवस मावळायच्या आत बाटल्या संपल्या. रुख्मामाय दारोदार जाऊन सांगत होती, "अदिक येते, अदिक येते." कमला म्हणाली, आधी म्हाताऱ्यांना द्या, मी धड आहे. पहाटे गेली. जीप दहाला आली, भरून.

सगळे म्हणतात, आरोग्य केंद्राचा कंपाउंडर प्रेमदास यानंच कमी माल भरला. तो म्हणतो, चिठ्ठीत पंचवीसच होते. चिठ्ठी कुठे? तिच्यात त्यानं कुणाला तरी गोळ्या बांधून दिल्या. डॉक्टरांनी त्याला तिथल्या तिथे घरी बसवलं. मी सगळ्यांसमोर ओरडून म्हटलं, "खोटं बोलतोय मेला! रुख्मामायचा आकडा असा ठसठशीत असतो की आंधळ्यालाही वाचता येईल."

चिठ्ठीतला आकडा आता लिहिताना आठवून पाहतेय. ठसठशीत होता. पण किती होता, ते आठवत नाही.

२६ मार्च, सोमवार

सगळं क्रमानं लिहिते.

आज वर्गाला पाच जणी आल्या. कमलाच्या जागी कुणी बसलं नाही. मी रुख्मामायला म्हटलं, "त्या चिठ्ठीवर कोणता आकडा लिहिला होता? पाटीवर काढून दाखवा."

तिनं काढला. २५.

"माणसं किती होती?"

"दोन विसा न पाच."

"म्हणजे पंचेचाळीस ना?"

"असन. दोन विसा न पाच. दोन जुड्या, पाच सुट्या. तुमीच तं सांगतलं, आधी जुड्या लिवा, बाजूले सुट्या. न चिठ्ठीबी तुमी पाह्यली. बरोबर हाय म्हनल्या."

मी उठले. कोनाड्यातली तिची एक जुडी घेतली, दोरी सोडली आणि मोजली. वीस काड्या. दुसरी सोडली. वीस. तिसरी, वीस. या वयाची माणसं सगळं विसांनीच मोजतात. वय, गुरं, पेंढ्या, सगळं. मला का माहीत नव्हतं? माझी आजीसुद्धा "तीन विसा" म्हणायची! आणि मी एकक-दशक शिकवताना जुडी म्हटलं, घर म्हटलं, दशक म्हटलं. जुडी दहाची, एवढं एक म्हणाले नाही. ते काय सांगायचं, असं वाटलं मला. तिच्यासाठी दशक म्हणजे जुडी, आणि जुडी म्हणजे वीस.

मग सगळं डोळ्यांपुढे आलं. पंच्याऐंशी म्हणजे चार विसा पाच, म्हणून ४५. साठ म्हणजे तीन विसा, सुटं काही नाही, म्हणून ३०. पस्तीस म्हणजे एक वीस आणि सुट्या पंधरा, म्हणून ११५. एकही चूक नव्हती! कमला कॉपी देत नव्हती, माझं तिला समजेल असं करून सांगत होती. आणि मी तिला उठवून कोपऱ्यात बसवलं.

माझं तोंड पाहून रुख्मामायनं विचारलं, "काय झालं बाई?"

मी सांगितलं. केंद्रात त्या आकड्याचे पंचवीसच वाचणार, हे सांगितलं. तिला समजायला वेळ लागला नाही, तिला कधीच वेळ लागत नव्हता. तिनं पाटीवरच्या त्या दोन आकड्यांकडे पाहिलं, मग कमलाच्या जागेकडे. "म्हंजे येक येक जुडीमागं दहा दहा मानसं मी टाकून देल्ले," म्हणाली. "मोजलेले मानसं होते व बाई. नावानिशी मोजलेले."

रडली नाही. मीच रडले, आणि रडतानाही मला स्वतःची चीड येत होती.

२७ मार्च, मंगळवार

झोप लागली नाही. सकाळी चौथीच्या वर्गात चिंचोके घेऊन गेले. एकेकाला बोलावलं. फळ्यावर १४ लिहिलं, चौदा चिंचोके समोर ठेवले. "यातल्या ४ चे चिंचोके दाखव." चार दाखवले. "आता या १ चे दाखव."

एक चिंचोका दाखवला.

दुसऱ्याला विचारलं. एक चिंचोका. मग उरलेले नऊ कशाचे रे? "माईत नाई बाई." पहिला नंबर येणाऱ्या पोरालाही विचारलं. तोही तसाच, एक चिंचोका बोटानं पुढे सरकवून उभा. "बाळा, तू हातचा एक घेतोस तो किती?" "येक." असं म्हणाला आणि मी का विचारतेय म्हणून माझ्याकडे पाहत राहिला. एकोणीस पोरांत दोघांनी दहा दाखवले. दोघांनी!

ही पोरं माझ्याकडे शंभरपैकी नव्वद मिळवतात. मी एकोणीस वर्षं त्यांना हातचे घ्यायला शिकवलं आणि हातात काय घेतलं ते त्यांना ठाऊकच नाही. डावीकडचा आकडा म्हणजे जुड्या, हे गावात कुणाला मनापासून कळलं असेल तर ते रुख्मामायला. तिला मी भोपळा दिला.

३० मार्च, शुक्रवार

रुख्मामाय आज सगळ्यांच्या आधी येऊन बसली. जुन्या जुड्या सोडून सगळ्या नव्यानं बांधून आणल्या. "आता दहाच्या हायेत. पन दहाच्याच काऊन, थे सांगा. सांगतल्याबिगर मी लिवत नाई."

या खेपेला मी "असतंच ते तसं" म्हटलं नाही. रात्रभर विचार केला होता. म्हटलं, "रुख्मामाय, आपल्याजवळ आकडे नऊपर्यंतच आहेत. एका घरात एकच आकडा मावतो. सुट्यांच्या घरात नऊ झाले आणि दहावी काडी आली की घरात जागा नाही. मग दहांची जुडी करून शेजारच्या घरी पाठवायची. तिथं दहा जुड्या झाल्या की त्यांचा भारा करून त्याच्या पुढच्या घरी."

तिनं नऊ काड्या मांडल्या, दहावी ठेवून जुडी बांधली. "म्हून माह्या पस्तीसचे तीन आकडे झालते. पंधरा सुट्या येका घरात कोंबल्या मी." मग म्हणाली, "न घर रिकामं असलं तं पूज्य ठेवाचं. नाईतं बाजूचा सरकून त्याच्या घरात घुसते."

मी एकोणीस वर्षांत पूज्याबद्दल एवढं नीट कधी सांगितलं नव्हतं. पन्नास संख्या घातल्या. पन्नासही बरोबर. एकशेचारसुद्धा, मधल्या पूज्यासकट.

प्रेमदास अजून घरीच बसून आहे. त्याची बायको काल बाजारात दिसली, मी दुसऱ्या गल्लीत वळले. डॉक्टरांना सांगायला हवं. सोमवारची परीक्षा होऊन जाऊ दे, रुख्मामायची निवड झाली की निवांत सांगेन. आता सांगितलं तर तिचं नुकसान होईल.

२ एप्रिल, सोमवार

परीक्षा शाळेतच झाली. डॉक्टर, सरपंच रूपराव, मुख्याध्यापक आणि शिकवणारी म्हणून मी. नलू आणि रुख्मामाय शेजारी शेजारी बसल्या. डॉक्टरांनी वीस संख्या सांगितल्या. नलूच्या दोन चुकल्या, रुख्मामायची एकही नाही. मग डॉक्टरांनी नाळ कापायचं विचारलं, तेव्हा नलू स्वतःच म्हणाली, "साहेब, मामायलेच घ्या. मले नाई जमाचं."

डॉक्टर खूश झाले. "रुख्माबाई, ठरलं. तुमचंच नाव पाठवतो. अशीच माणसं पाहिजेत, नाहीतर आमचा तो प्रेमदास, साधी चिठ्ठी वाचता आली नाही त्याला. त्याला काढायचा कागद आजच पाठवतोय."

रुख्मामायनं पेन्सिल खाली ठेवली. उभी राहिली.

"साहेब, थ्याचं कई चुकलं नाई. चिठ्ठी मी लिवली. मानसं पंचेचाळीस होते न मी पंचवीस लिवले. मले तवा विसाची जुडी माईत होती."

डॉक्टरांना आधी समजलंच नाही. तिनं पाटीवर दोन्ही आकडे काढून समजावून सांगितलं, जुड्यांसकट, कुठेही न अडता. इतकं स्वच्छ की रूपरावांनाही कळलं. डॉक्टरांचा चेहरा उतरला. "रुख्माबाई, एक बाई मेली आहे. मी आता तुमचं नाव कसं पाठवू?"

"नोका पाठवू."

"पण पाठवायच्या आधी ती चिठ्ठी कुणी पाहिली नाही का? कुणाला दाखवली नाही तुम्ही?"

ती माझ्याकडे बघेल असं वाटलं. तिनं पाहिलं नाही. सरळ डॉक्टरांकडे बघत म्हणाली, "नाई. कोनी नाई पाह्यली."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुम्हाला काही सांगायचंय, बाई?"

मी म्हणाले, "नाही."

हे मी म्हणाले. हे इथं लिहून ठेवते, कारण उद्या मला वाटेल की मी म्हणाले नव्हते. चार माणसं समोर होती, माझी एकोणीस वर्षांची नोकरी होती, आणि नाही म्हणायला एवढासुद्धा वेळ लागला नाही. बावीस तारखेला गावासमोर प्रेमदासला मेला, खोटा म्हणणारी मीच. गावासमोर घसा फोडायला तोंड होतं मला!

४ एप्रिल, बुधवार

आज वर्गाला कुणी येणार नाही असंच वाटलं होतं. दोनला रुख्मामाय आली, एकटीच. नेहमीच्या जागी बसली. "भाऱ्याच्या पुढचं सांगा बाई. हजार."

माझ्या हातात खडू होता, तो फळ्याला लावता येईना. "रुख्मामाय, तुमची नेमणूक गेली. आता कशाला?"

"नेमनूक गेली, बाया कुठं गेल्या? गोळ्या आता नलू देईन. तिचं चुकलं तं पाह्यले कोनी पाह्यजे न."

मी विचारलंच. "तुम्ही खोटं का बोललात? चिठ्ठी मी पाहिली होती."

ती पाटी पुसत राहिली. मग म्हणाली, "तुमाले सांगाचं असतं तं तुमी सांगतलं असतं. मी कायले तुमच्या तोंडून काढू?"

थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. मी खुर्ची ओढली, वहीतला कोरा कागद फाडला आणि तिच्यासमोरच लिहायला बसले. डॉक्टरांना. जुडी किती काड्यांची ते मी शिकवलं नाही. चिठ्ठी मला दाखवली होती. मी फक्त अक्षरं सुधारली आणि बरोबर म्हणाले. परवा विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले. हे सगळं लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. रुख्मामाय डोळे मिटून ऐकत होती. आजाऱ्यांच्या आकड्यापाशी मी आले तशी तिनं माझा हात धरला.

"थो आकड्यात नोका लिवू बाई. अक्षरात लिवा."

मी आकडा खोडला. वर पंचेचाळीस असं अक्षरात लिहिलं, खाली सही केली, आणि चिठ्ठी घेऊन साडेचारच्या एसटीनं आरोग्य केंद्रात स्वतः गेले.